मसूर स्टेशनवरचे वाचन

१९०१ साली मसूरच्या रेल्वे स्टेशनवर चार मुले उतरली. अंगात विलायती सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, पायांत नवे बूट, नेसूला रेशीमकाठी धोतरे. साताऱ्याहून निघालेली ही मुले खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे चालली होती. न्यायला कुणीतरी येईल म्हणून ती फलाटावर थांबली. बाकीचे उतारू पांगले, तरी कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने विचारपूस केली. कपड्यांवरून त्याने ती ब्राह्मणाची मुले ठरवली आणि त्यांची अवस्था पाहून तो कळवळला. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? त्यांतल्या नऊ वर्षांच्या मुलाने फारसा विचार न करता सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला. तो वळला आणि आपल्या खोलीत निघून गेला.

हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात सांगितला आहे. तो नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे ते स्वतः. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेले हे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून छापले. पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतल्या बाराव्या खंडात आले. अस्पृश्यता म्हणजे नेमके काय, हे परदेशी माणसाला नुसत्या व्याख्येने कळत नाही, म्हणून घडलेले प्रसंगच सांगावेत, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे सातारा, मसूर, चाळीसगाव, दौलताबाद अशा आपल्या ओळखीच्या गावांमधून जाणारे हे लेखन मुळात इंग्रजीत आहे.

मसूरच्या फलाटावर काही मिनिटांत दोनदा वाचन झाले. आधी मास्तरने चित्र वाचले: टोपी, बूट, रेशमी काठ. त्याचा अर्थ त्याने लावला ‘ब्राह्मण’. मग एक शब्द कानावर पडला आणि त्या शब्दाने सगळे चित्र रद्द केले. कपडे तेच होते, मुले तीच होती, संध्याकाळ होत आली होती हेही खरे होते. तरी शब्दाने डोळ्यांना हरवले. चित्र आणि शब्द एकमेकांशी भांडतात तेव्हा आपण कुणाचे ऐकतो आणि का ऐकतो, हा प्रश्न त्या फलाटावर उभा आहे. आज शाळेत चित्रकादंबऱ्या, ध्वनिचित्रफिती आणि पडदे वापरून ‘नवी साक्षरता’ शिकवण्याची जी चर्चा चालते, तिच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न असायला हवा होता. बहुतेक वेळा तो तिथे नसतो.

१

मराठीत साक्षर म्हणजे अक्षरासह असलेला. चित्रासाठी आपल्याकडे असा शब्दच नाही. आपण चेहरा वाचतो, माणूस वाचतो, पण चित्र मात्र ‘बघतो’. बघायला शिकावे लागत नाही, डोळे असले की झाले, अशी आपली समजूत असते. म्हणूनच शाळेत चित्रांचे वजन इयत्तेबरोबर घटत जाते. पहिलीच्या पुस्तकात पानभर चित्र आणि खाली एक ओळ. दहावीच्या पुस्तकात पानभर ओळी आणि कोपऱ्यात लेखकाचे रेखाचित्र. चित्र म्हणजे पांगुळगाडा. चालता येऊ लागले की तो माळ्यावर टाकायचा.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या समजुतीला अभ्यासकांनी आव्हान दिले आहे. अमेरिकेतल्या न्यू लंडन या गावी १९९४ साली जमलेल्या दहा अभ्यासकांनी १९९६ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. साक्षरता एक नसून अनेक असतात. छापील अक्षराइतकाच अर्थ चित्र, ध्वनी, हावभाव आणि जागेची मांडणी यांतूनही घडतो, आणि शाळेने हे सगळे वाचायला व घडवायला शिकवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यापैकीच गुंथर क्रेस यांनी पुढे एक साधा भेद नीट समजावून सांगितला. लिखाण काळाच्या क्रमाने उलगडते, एकामागून एक शब्द. चित्र जागेच्या नियमाने चालते. सगळे एकाच वेळी समोर असते आणि कुठून सुरुवात करायची हे बघणारा ठरवतो.

हा विचार आपल्या वर्गापर्यंत पोचला तो मात्र पार बदलून. त्यातला ‘वाचायला शिकवणे’ हा भाग गळाला आणि साधने तेवढी उरली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले. कोड टिपला की तोच धडा कुणीतरी वाचून दाखवतो, मागे चित्रे सरकतात. फळ्याच्या जागी पडदा आला. पडद्यावर फळाच उमटतो. चित्रकथांबद्दल प्रशिक्षणांमध्ये जे सांगितले जाते, त्याचा सूर बहुतेक वेळा असा असतो: मुले वाचत नाहीत, त्यांना आधी चित्रांची गोडी लावा, मग ती आपोआप ‘खऱ्या’ पुस्तकांकडे वळतील. चित्र म्हणजे कडू औषधाबरोबर दिलेला गुळाचा खडा. औषध पोटात गेले की गुळाचे काम संपले.

त्यातच वाचनाचे मोजमाप वेगाने होऊ लागले आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. पायाभूत वाचनासाठी अशी मोजपट्टी हवीच, तिला माझा विरोध नाही. जी मुले चौथीत जाऊनही अडखळतात, त्यांच्यावरचा अन्याय या आकड्यांमुळेच दिसतो. पण हीच मोजपट्टी पुढे मनात पक्की बसते, आणि मग एका पानावर दहा मिनिटे घालवणारे मूल ढिले वाटू लागते. चित्रकादंबरीचे चांगले पान नेमके तेवढा वेळ मागते.

माध्यमे आणि अक्षरे यांचे एक चांगले लग्न आपल्याच देशात लागलेले आहे, त्याचीही नोंद घ्यायला हवी. ब्रिज कोठारी यांनी मांडलेली कल्पना अगदी साधी होती: टीव्हीवर लागणाऱ्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत त्या गीताचे शब्द द्यायचे. हिंदी गाण्याखाली हिंदी, गुजराती गाण्याखाली गुजराती. १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ कार्यक्रमात हे सुरू झाले. गाणे पाठ असते, म्हणून डोळा शब्दाच्या पुढे धावतो आणि अक्षराशी ध्वनीची गाठ पडते; ‘आता मी शिकतोय’ असे कुणाला वाटतही नाही. अक्षर वाचता यावे यासाठी इतके स्वस्त आणि नम्र साधन दुसरे शोधून सापडणार नाही. पण त्याची मर्यादाही उघड आहे. शब्दांच्या वर जे नाचते आहे, त्या चित्राबद्दल ते काही विचारत नाही. गाण्यातली बाई कुणाच्या नजरेने दाखवली आहे, हे वाचण्याची साक्षरता वेगळी. ती आपोआप येत नाही.

२

ही वेगळी साक्षरता शिकवायला ‘भीमायन’सारखे पुस्तक नाही, आणि तिची कसोटीही तिथेच लागते. ‘नवयान’ने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या चित्रकादंबरीची संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची आहे. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. आधार प्रामुख्याने ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चाच. पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग. शाळेतली आणि गोरेगावच्या वाटेवरची तहान, त्यापुढे महाडचे तळे. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात न मिळालेले घर. आणि चाळीसगाव-दौलताबादकडचे प्रवास. या सगळ्याभोवती आजच्या काळातल्या दोन माणसांचा, बसची वाट बघताना चाललेला संवाद आहे, आणि अधूनमधून अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणे.

चित्रकथेची आपली कल्पना ‘अमर चित्र कथे’ने घडवली. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या त्या मालिकेतही आंबेडकरांवरचा अंक १९७९ मध्ये निघाला होता. त्या मालिकेचा साचा आपल्या हाताला सवयीचा आहे. चौकोनामागून चौकोन, चौकोनाच्या माथ्यावर निवेदकाची पट्टी, पट्टीत जे सांगितले तेच खाली चित्रात. चित्र शब्दाची साक्ष काढते, त्याला उलट प्रश्न करत नाही. वाचणारा चौकोनांच्या रुळांवरून सुरळीत पुढे जातो. चित्रकथेचे मर्म दोन चौकोनांमधल्या कोऱ्या जागेत असते, तिथे वाचक स्वतः घटना जुळवतो, असे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात मांडले. या साच्यात वाचकाला मिळते ते स्वातंत्र्य तेवढेच.

व्याम दांपत्याने चौकोन नाकारले. आपल्या माणसांना पेटीत कोंडायचे नाही, आमची कला मोकळी असते, अशी त्यांची भूमिका होती. त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या ‘डिगना’ नक्षीच्या वळत्या पट्ट्यांनी त्यांनी पाने सैलशी विभागली. या निर्णयाचे कौतुक बहुतेक वेळा ‘आदिवासी सौंदर्यदृष्टी’ म्हणून होते. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व वाचनाच्या पातळीवर आहे. जातिव्यवस्था म्हणजेच माणसांना चौकोनांत बसवणे. त्या व्यवस्थेची गोष्ट सांगताना पानावर चौकोन नसणे, ही नुसती सजावट राहत नाही. आणि चौकोन गेले की वाचकाचे रूळही जातात. आता कुठून कुठे जायचे, हे त्याला ठरवावे लागते.

हे मला मुलांनी शिकवले. घराजवळच्या एका वाचनालयात शनिवारी दुपारी आठवी-नववीची सहा-सात मुले जमत असत. त्यांच्याबरोबर मी ही पाने वाचली. पुस्तक इंग्रजी, तेव्हा बोलता बोलता मराठी करत. पहिलाच प्रश्न आला, “काका, आता पुढे कुठे?” मी बोट ठेवून दाखवणार होतो, तेवढ्यात दुसरीने सांगितले, “तो पट्टा बघ ना, वाट आहे ती.” तिने पट्ट्यावरून बोट फिरवले आणि पान उलगडले. रुळांची सवय असलेल्या मला जे अडचणीचे वाटत होते, ते तिला रस्त्यासारखे दिसले.

मग बाकीच्या गोष्टी ती शोधू लागली. तहानलेल्या मुलाच्या अंगात मासा आहे. आगगाडी सापासारखी वळते. दौलताबादचा किल्ला एखाद्या हिंस्र जनावरासारखा वाटतो. संवादांचे फुगेही एकसारखे नाहीत: सोसणाऱ्यांचे आणि मायेने बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, ज्यांच्या बोलण्यात विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या मनात चाललेल्या विचाराशेजारी एक डोळा. ही खूण एकदा उमगली की मुले शब्द वाचण्याआधी फुग्याचा आकार बघतात. आवाजाचा पोत डोळ्यांनी वाचण्याची ही सोय गद्यात नाही. मासा म्हणजे तहान, हे कुणी सांगावे लागले नाही. पण ‘मासा पाण्यात असतो, मग याच्या पोटात का?’ यावर बराच वेळ वाद झाला. मिनिटाला साठ शब्दांच्या हिशेबात तो अर्धा तास फुकट गेला असे म्हणावे लागेल.

३

तरीही ‘भीमायन’ निर्दोष आहे असे मला म्हणता येत नाही, आणि वर्गात ते वापरायचे तर त्याच्या उणिवाही मुलांसमोर ठेवायला हव्यात. पहिली उणीव त्या बस थांब्यावरच्या संवादाची. आरक्षणावरून कुरकुरणाऱ्या माणसाला दुसरी व्यक्ती समजावून सांगते, अशी ही चौकट आहे. ती पुस्तकाला आजशी जोडते हे खरे, पण चित्राने जे आधीच सांगितले ते पुन्हा शब्दांत समजावते. ज्या चौकोनांना चित्रकारांनी दारातून बाहेर काढले, त्यांना संहिता खिडकीतून आत घेते. बातम्यांच्या कात्रणांचे तसे नाही. खैरलांजीसारखे नाव १९०१च्या शेजारी आले की वाचणाऱ्याला काळ मोजावा लागतो, आणि ते कुणी समजावून देत नाही.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची आहे, आणि ती ज्या युक्तीचे आपण कौतुक केले तिच्यातच आहे. विंचवाची नांगी आपल्याला शब्द वाचण्याआधीच सांगून टाकते की हा माणूस वाईट. पण मसूरचा मास्तर पुन्हा आठवून बघा. आंबेडकरांच्या गद्यात तो आधी कनवाळू आहे आणि त्याचा कळवळा खोटा नाही. मुलांची जात कळल्यावर तो आत जातो खरा, पण अर्ध्या तासाने परत येतो, आता काय करणार म्हणून विचारतो. एकही गाडीवाला महारांना न्यायला तयार होत नाही. शेवटी तोड निघते ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. या मास्तरला कुठला फुगा द्यायचा? पक्ष्याचा की विंचवाचा? अस्पृश्यता दुष्ट माणसांच्या जोरावर टिकली नाही. ती अशा चांगल्या, मदतीला येणाऱ्या, रीत पाळणाऱ्या माणसांच्या जोरावर टिकली. हे सांगताना आंबेडकरांचे शांत, तपशिलाचे गद्य खुणांच्या भाषेपेक्षा पुढे जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की चित्रकादंबरी कधी एकटी शिकवू नये. ती मूळ संहितेशेजारी ठेवावी, आणि कोण कुठे कमी पडते ते मुलांना शोधू द्यावे. चित्र म्हणजे शब्दांकडे नेणारा जिना आणि शब्द म्हणजे वरचा मजला, ही उतरंड अशा वेळी मोडते. शब्द चित्राला खोडतात, चित्र शब्दाला. मास्तरच्या फुग्याचा प्रश्न मी मुलांना विचारला तेव्हा एकाने सांगितले, “अर्धा पक्षी, अर्धा विंचू.” दुसरा म्हणाला, “आधी पक्षी काढायचा आणि त्याच पानावर त्याची शेपटी वाकडी होताना दाखवायची.” ‘पात्रपरिचय लिहा’ या प्रश्नाला मला एवढे नेमके उत्तर कधी मिळाले नव्हते.

चित्र वाचता आले नाही तर काय होते, याचे एक परदेशी उदाहरण ताजे आहे. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चा पहिला भाग १९८६ साली आला, दुसरा १९९१ साली, आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बापाची ही कहाणी. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे आणि पोलिश माणसे डुकरे. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शिक्षण मंडळाने ते आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढून टाकले. कारणे दिली ती काही शिव्यांची आणि एका नग्न आकृतीची. नरसंहारावरच्या पुस्तकात मंडळाच्या नजरेला नेमके हे टोचले. ही माणसे निरक्षर नव्हती. पुस्तक हातात असून त्यांनी त्यातली चित्रे फक्त बघितली.

त्याच ‘माउस’मध्ये एक जागा आहे, ती मी मुलांना दाखवली. पोलिश वस्तीतून लपूनछपून जाताना नायक आणि त्याची बायको डुकराचे मुखवटे लावतात. मुखवट्याची दोरी आपल्याला दिसते. पण बायकोच्या कोटाखालून उंदराची शेपटी बाहेर लोंबते आहे. म्हणजे तिला बघून लोक ओळखतील, ही भीती एका रेघेत आली आहे. एकही शब्द न लिहिता. आणि या पानावरून आम्ही परत गोरेगावच्या रस्त्यावर आलो.

४

कारण त्या रस्त्यावरही एक मुखवटा आहे. रात्र झाली. मुलांजवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते, म्हणून जेवताही येत नव्हते. वडिलांची नोकरी होती ती दुष्काळी कामावर, जिथे सरकार तलाव खोदत होते. आणि त्यांच्याकडे निघालेल्या मुलांना घोटभर पाणी मिळेना. वाटेत टोलनाका लागला. गाडीवानाने सुचवले, नाकेदार हिंदू आहे, तो महारांना पाणी देणार नाही. मुसलमान आहोत म्हणून सांगा. छोटा भीम गेला, आणि शंका येऊ नये म्हणून नाकेदाराशी उर्दूत बोलला. उर्दू त्याला चांगली येत होती. तरी पाणी मिळाले नाही.

मी मुलांना म्हटले, हा प्रसंग तुम्ही काढा. ‘माउस’मध्ये मुखवटा चेहऱ्यावर आहे, इथे तो जिभेवर आहे. जिभेवरचा मुखवटा चित्रात कसा दाखवाल?

कुणी फुग्याला चंद्रकोर काढली. कुणी फुग्यात उर्दूसारख्या दिसणाऱ्या रेघोट्या मारल्या. एका मुलाने मात्र लिहिलेले खोडले, पुन्हा लिहिले आणि विचारले, “तो ‘पाणी’ म्हणाला असेल की ‘पानी’?” मी म्हटले, उर्दूत ‘पानी’. “मग ‘पाणी’ म्हटलं असतं तर पकडला गेला असता.” बरोबर, मी म्हणालो. एका अक्षराचा फरक. माझ्या दृष्टीने धडा तिथे संपला होता. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडं समदे ‘पानी’च म्हनतात. शाळेत म्हटलं की हसतात.”

कुणी काही बोलले नाही. मीही नाही.

एकाच अक्षराचा असा उलटा प्रवास मला तोवर दिसला नव्हता. टोलनाक्यावरच्या मुलाला जात लपवायला ‘न’ लागला. वर्गातल्या मुलीची जात आणि गाव तोच ‘न’ उघड करतो. आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो, उच्चार सुधारणे म्हणतो, ते तिच्या कानाला मास्तरच्या ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नासारखेच ऐकू येत असणार. अक्षर ही तटस्थ गोष्ट आहे आणि चित्र मात्र भुलवणारे, अशी जी आपली विभागणी आहे, ती त्या दुपारी माझ्यापुरती मोडली. अक्षरही बघितले जाते. त्यालाही टोपी, बूट आणि रेशमी काठ असतात. ते वाचून समोरचा आपला चेहरा पालटतो.

नव्या साक्षरतेचे मोल मला इथे वाटते. चित्रकादंबरीमुळे मुले पुस्तकांकडे वळतात की नाही, हा प्रश्न लहान आहे. काही वळतात, काही नाही. चित्र आणि शब्द शेजारी ठेवून तपासायची सवय लागली की मूल अक्षराकडेही त्याच नजरेने बघू लागते, ही मोठी गोष्ट. त्या मुलीला तिचे म्हणणे मांडायला जागा मिळाली ती एका रिकाम्या फुग्यामुळे. निबंधाच्या वहीत ती तो ‘न’ लिहिती ना; लिहिला असता तर लाल शाईने त्याचा ‘ण’ झाला असता.

५

यासाठी फार साधने लागत नाहीत. शिक्षकांशी बोलताना पहिली अडचण पैशाची निघते: पुस्तके महाग, इंग्रजीत, पडदा बंद पडलेला. ती खरी आहे. पण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींकडे बघावे. ठाकर समाजाचे हे कलावंत रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रे एकेक करून समोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने गात गात कथा सांगतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला तिथे ‘पोथी’ म्हणतात. म्हणजे चित्रांचीही पोथी असते आणि तीही लावायची, वाचायची असते, हे आपल्या भाषेला ठाऊक होते. तिथे प्रत एकच, आणि वाचक सारा गाव. चित्र किती वेळ धरायचे हे सांगणारा ठरवतो, समोरच्यांचे चेहरे बघून. दिवसाला एक पान, एक प्रत, आणि ‘पुढे चला’ न म्हणणारा शिक्षक एवढे असले तरी काम होते. पडद्यावरच्या धड्यात नेमके हे थांबणे नसते. तो आपल्या वेगाने संपतो.

अवघड आहे ते दुसरेच. चित्रावर प्रश्न विचारू दिले की मुले कुठे पोचतील हे शिक्षकाच्या हातात राहत नाही. ती पाठ्यपुस्तकातल्या चित्रात विहिरीवर कोण दिसते आणि कोण दिसत नाही ते विचारतील. जाहिरातीतल्या गोऱ्या चेहऱ्यांबद्दल विचारतील. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे ते विचारतील. आणि कधीतरी आपल्याच उच्चारांबद्दल विचारतील. अशा वर्गाची तयारी क्यूआर कोडने होत नाही.

त्या शनिवारी निघताना मुलांनी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा विषय काढला. आपल्या राज्यात हे चित्र डोळ्यांखालून गेले नाही असे मूल सापडणे कठीण: सूट, टाय, चष्मा, काखेत ग्रंथ, वर केलेले बोट. इतके रोजचे की कुणी ते वाचत नाही. एकाने विचारले, “ते नेहमी सुटातच का असतात?” मी उत्तर द्यायच्या आधीच, ज्याने ‘पाणी’ खोडून ‘पानी’ लिहिले होते तो म्हणाला, “मसूरला पण त्यांनी भारीच कपडे घातले होते की. पण तिथं नाव सांगितल्यावर कपडे उतरल्यासारखे झाले. आता नाव सांगितलं तरी सूट तसाच राहतो.”

तो हे कुठे वाचून बोलत नव्हता. त्याने दोन चित्रे शेजारी ठेवली होती.